सो तैजी अँड बॉईज

दक्षिण कोरियातील तिघांचा गायन-नृत्य संच. कार्यकाळ १९९२ ते १९९६. सदस्य : सो तैजी (मूळ नाव जंग ह्यॉन-चॉल, जन्म १९७२), यांग ह्यॉन-सक आणि ली जूनो. आज के-पॉप म्हणून जगभर ऐकल्या जाणाऱ्या संगीताची सुरुवात बहुतेक जाणकार याच संचापासून धरतात. ते योग्यच आहे, पण त्याचे कारण मात्र अनेकदा चुकीचे सांगितले जाते. कोरियन भाषेतला पहिला रॅप यांचा नव्हे. हाँग सो-बम यांचे ‘किम सात्गात’ १९८९ चे आहे, आणि ह्यॉन जिन-यंग १९९० पासून रॅप व नृत्य एकत्र सादर करत होते. सो तैजी यांनी बदल घडवला तो अधिकाराच्या बाबतीत. गाणे कसे असावे, कलाकाराने काय घालावे आणि पडद्यावर कधी यावे, हे तोवर टीव्ही वाहिन्या ठरवत. ते आता कलाकार ठरवू लागला.

सो तैजी शाळा अर्धवट सोडून ‘सिनावी’ या हेवी मेटल बँडमध्ये बास गिटार वाजवत. बँडमधून बाहेर पडल्यावर त्यांनी मिडी उपकरणांवर (संगणकाच्या साहाय्याने वाद्ये वाजवणारी यंत्रणा) एकट्याने गाणी रचायला घेतली. नाच शिकण्यासाठी ते यांग यांच्याकडे गेले आणि त्यातूनच संच उभा राहिला. ली जूनो नंतर आले. कामाची वाटणी शेवटपर्यंत तीच राहिली. शब्द, चाल, संयोजन आणि ध्वनिमुद्रणाची सूत्रे सो तैजींकडे. नृत्यरचना मुख्यतः इतर दोघांकडे, शिवाय रॅपमध्ये साथ.

पहिला अल्बम मार्च १९९२ मध्ये आला. ११ एप्रिलला एमबीसी वाहिनीच्या नवोदितांच्या स्पर्धेत त्यांनी ‘नान आरायो’ (मला ठाऊक आहे) सादर केले. परीक्षकांनी दहापैकी ७.८ गुण दिले, चाल कच्ची वाटते असाही शेरा आला. काही आठवड्यांतच देशभरातली शाळकरी मुले या गाण्यातला गरगर फिरण्याचा ‘हेओरी’ (वावटळ) नाच करू लागली. परीक्षकांची गफलत कुठे झाली, हे गाण्याची बांधणी पाहिली की कळते. त्या काळच्या कोरियन बॅलडमध्ये (संथ भावगीतात) सगळी भिस्त चालीवर असे. इथे कडवी रॅपची, धृपद सुरेल, खाली न्यू जॅक स्विंगचा (हिपहॉप आणि आर-अँड-बी यांच्या मिश्रणाची अमेरिकन शैली) यंत्रावरचा ठेका आणि मध्ये अचानक मेटल गिटार. नुसती चाल वेगळी काढून तपासली तर हाती फारसे काही लागत नाही. जोर आहे तो या जोडकामात. रॅपमध्ये भाषेचीही अडचण होती. कोरियनमध्ये मराठीसारखेच क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे यमक जुळवायला गेले की तेच ते प्रत्यय आदळत राहतात. सो तैजींनी यमकाचा हट्ट धरला नाही; ओळी आखूड तोडल्या आणि अक्षरे ठेक्याच्या अलीकडे-पलीकडे बसवली.

दुसऱ्या अल्बममधले (जून १९९३) ‘हायॉगा’ हे त्यांचे सर्वांत धाडसी गाणे. थ्रॅश मेटलची (मेटलचा अतिवेगवान प्रकार) गिटार, हिपहॉपचा ठेका आणि त्यावर पारंपरिक संगीताचे वादक किम दक-सू यांनी वाजवलेले थेप्यॉन्सो. थेप्यॉन्सो हे आपल्या सनईच्या कुळातले वाद्य : दुहेरी पत्ती, निमुळती लाकडी नळी, पुढे सात भोके, मागे एक, आणि टोकाला धातूचा कर्णा. हे वाद्य मुळात उघड्यावर, मिरवणुकीत वाजवायचे. त्याचा आवाज इतका भेदक असतो की बहुतेक वाद्ये त्याच्यापुढे दबतात. आवाज मुद्दाम फाटका केलेली विद्युत गिटार मात्र दबत नाही. म्हणूनच ही जोडी जमली. नंतर अनेकांनी पारंपरिक वाद्ये पॉपमध्ये आणली, पण बहुतेक ठिकाणी ती प्रस्तावनेपुरती, शोभेला. ‘हायॉगा’त थेप्यॉन्सो एकल वादन करते आणि गाण्याचा कळस पेलते. या अल्बमच्या २० लाखांहून जास्त प्रती खपल्या.

तिसऱ्या अल्बममध्ये (ऑगस्ट १९९४) प्रेमगीते मागे पडली. ‘बाल्हेचे स्वप्न पाहताना’ (बाल्हे हे एक प्राचीन राज्य) हे गाणे दोन्ही कोरियांच्या एकीकरणाबद्दल असून त्याचे चित्रीकरण सीमेजवळच्या चॉरवॉन येथे, उत्तर कोरियाच्या कामगार पक्षाच्या उद्ध्वस्त कार्यालयात झाले. ‘क्योशिल इदेआ’ (वर्गखोली) हे गाणे सकाळी साडेसातला छोट्या खोलीत कोंबल्या जाणाऱ्या मुलांची बाजू घेते. त्यातला घोगरा आवाज ‘क्रॅश’ या मेटल बँडच्या आन हंग-चान यांचा. हे गाणे उलटे वाजवले की ‘रक्त कमी पडतंय’ असे ऐकू येते, अशी आवई उठली आणि ती थेट टीव्हीच्या बातम्यांपर्यंत पोचली. सो तैजींनी आरोप फेटाळला. उलट्या वाजवलेल्या कोणत्याही बोलण्यात काय ऐकायचे हे आधीच सांगितले, तर कान तेच शोधून काढतो. न सांगता ऐकवले तर सहसा काही लागत नाही.

एक अल्बम गाजला की पडद्यावरून काही महिने पूर्ण गायब व्हायचे, नवी गाणी, नवा नाच आणि नवा पेहराव घेऊनच परतायचे, ही शिस्त यांनीच रुजवली. तोवर गायकाने टीव्हीवर सतत दिसत राहणे अपेक्षित असे. आजचे ‘कमबॅक’ हे त्याचेच रूप. पेहरावाचेही तसेच : किमतीची चिठ्ठी लटकत ठेवलेले कपडे १९९२ चे, स्नोबोर्डवाल्यांची टोपी-जाकिटे १९९५ ची.

चौथ्या अल्बममधले (ऑक्टोबर १९९५) ‘कम बॅक होम’ घर सोडून गेलेल्या मुलांना उद्देशून आहे आणि ते ऐकून काही मुले घरी परतल्याच्या बातम्या तेव्हा छापून आल्या. पण इतिहास घडवला तो ‘शिदेयुगाम’ने (या काळाचा खेद). त्या वेळी प्रत्येक गाण्याचे शब्द प्रसिद्धीपूर्वी सरकारी नीती समितीकडून मंजूर करून घ्यावे लागत. प्रामाणिक माणसांचा काळ सरला, अशा आशयाच्या ओळींवर समितीने बोट ठेवले. सो तैजींनी ओळी बदलण्याऐवजी सगळे शब्दच काढून टाकले आणि नुसते वाद्यसंगीत अल्बममध्ये घातले. चाहते खवळले, वाद पेटला. या सक्तीविरुद्ध लोकगायक जंग ते-चुन आधीपासून झगडत होते. त्यांचे श्रेय कमी लेखू नये. जून १९९६ मध्ये पूर्वपरीक्षण रद्द झाले आणि गाणे शब्दांसह बाजारात आले.

संच मात्र तोवर संपला होता. ३१ जानेवारी १९९६ रोजी, लोकप्रियतेच्या शिखरावर असताना, तिघांनी निवृत्ती जाहीर केली. त्याच वर्षी यांग यांनी पुढे वायजी एंटरटेनमेंट म्हणून वाढलेली कंपनी काढली आणि सप्टेंबरमध्ये एसएम कंपनीचा एच.ओ.टी. हा संच आला. रॅप, नृत्य, शाळेवरचा राग, ठराविक काळाने परतणे, हा सगळा साचा या कंपन्यांनी उचलला. पण गाण्यांवरचा ताबा बहुधा कलाकाराकडे न राहता कंपनीकडे गेला. या वारशातली ही सर्वांत मोठी तूट. सो तैजी १९९८ मध्ये एकल अल्बम घेऊन परतले. २०१७ मध्ये बीटीएस या के-पॉप संचाने ‘कम बॅक होम’ नव्याने गायले आणि सोलच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर सो तैजींच्या कारकिर्दीच्या पंचविसाव्या वर्षानिमित्तच्या मैफलीत त्यांना साथ दिली. २०२४ मध्ये एस्पा या मुलींच्या संचाने ‘शिदेयुगाम’ गायले.

नव्याने ऐकणाऱ्याने ‘हायॉगा’पासून सुरुवात करावी. ‘शिदेयुगाम’ ऐकताना आवृत्ती तपासावी : १९९५ च्या मूळ अल्बममध्ये ते शब्दांविना आहे, शब्दांसह हवे असेल तर १९९६ चे ध्वनिमुद्रण घ्यावे.