आयडाहोत बंदी फक्त अबॉर्शनवर आहे?

"बंदी अबॉर्शनवर आहे, ज्यांना मूल हवंय त्यांना काय फरक पडतो?" अमेरिकेतल्या आयडाहोबद्दल हे अजून फिरतंय. साफ चूक. ऑगस्ट २०२२ पासून तिथे अबॉर्शन केलं तर डॉक्टरला २ ते ५ वर्षं जेल होऊ शकते, आईचा जीव वाचवायला सूट आहे म्हणतात पण खरी गोची तिथेच, ब्लीडिंग सुरूये, पोटातल्या बाळाचे ठोकेही चालू आहेत, मग डॉक्टरने थांबायचं किती? तिथल्याच सँडपॉइंट गावातल्या बॉनर जनरल हॉस्पिटलने २०२३ मध्ये बाळंतपणंच बंद केली. जन्म कमी झाले, बालरोगतज्ज्ञ नाहीत ही कारणं होतीच (ती लपवू नका), पण कायद्यांमुळे डॉक्टर सोडून जातायत हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. आता कळा आल्या की कोर्डलेन शहरापर्यंत ७० किमीच्या आसपास गाडी हाणायची, हिवाळ्यात बर्फातून.