हेलिकॉप्टरला टांगलेली चौकट आणि अथणीची बोअर

हेलिकॉप्टरमधून भूजल ‘दिसतं’ असं बातम्यांत छापून येतं. प्रत्यक्षात दिसत काहीच नाही. मोजला जातो तो जमिनीचा विजेला होणारा विरोध. त्यावरून पाणी कुठे असेल हे ठरवायचं काम नंतरचं, आणि खरी वादावादी तिथेच होते.

हेलिकॉप्टरखाली दोरांनी एक मोठी षटकोनी चौकट टांगतात. तिच्या कडेने तारेचे वेढे असतात आणि आतलं क्षेत्रफळ साधारण ३०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास तीन गुंठे. चौकट जमिनीपासून ३० ते ३५ मीटरवर राहायला हवी आणि हेलिकॉप्टर तिच्याही वर जवळपास तेवढंच. वेग ताशी ८० किलोमीटरच्या आसपास. तारेतून प्रवाह सोडायचा आणि काही मायक्रोसेकंदांत तोडायचा. चुंबकीय क्षेत्र एकाएकी कोसळलं की फॅरडेच्या नियमानुसार जमिनीत भोवरा-प्रवाह उठतात. ते खाली आणि बाजूंना पसरत विरत जातात. त्यांचा क्षीण ठसा ग्राहक (संकेत पकडणारं) वेटोळं टिपतं. प्रवाह तुटल्यावर पहिल्या काही मायक्रोसेकंदांतली नोंद वरच्या थरांची, मिलिसेकंदांनंतरची खोलातली. म्हणून दोन तऱ्हेचे स्पंद आलटून पालटून सोडतात: उथळ थरांसाठी कमी प्रवाहाचा पण झटकन तुटणारा, खोलीसाठी जोरकस.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने २०२१ पासून राजस्थान, गुजरात, पंजाब आणि हरियाणाच्या कोरड्या पट्ट्यांत ही पद्धत वापरली. त्याआधी केंद्रीय भूजल मंडळाबरोबर प्रायोगिक उड्डाणं झाली, त्यांत कर्नाटकातला तुमकूर जिल्हाही होता. मात्र राजस्थानच्या वाळूत जमलेलं गणित बेळगाव सीमाभागात जसंच्या तसं लागू होत नाही. खानापूरच्या घाटमाथ्यावर कणकुंबीला पाऊस ३,००० मिलिमीटरच्या पुढे जातो आणि अथणीला जेमतेम ५००-६००. अथणी, चिकोडी, रायबागेत काळा पाषाण, गोकाकला त्याखालचे वालुकाश्म आणि क्वार्टझाइट (गारेचा कठीण खडक), खानापूरकडे जांभा.

अडचण आकड्यांतच आहे. अखंड काळ्या पाषाणाचा विद्युतरोध शेकडो ओहम-मीटर असतो. पाणी धरलेल्या झिजलेल्या किंवा सच्छिद्र खडकाचा साधारण २० ते ६०. पण दोन लाव्हाथरांमधला चिकण गेरू, काळी माती आणि कृष्णाकाठची चोपण जमीन १०-२० किंवा त्याहून खाली उतरतात. नकाशावर कमी विद्युतरोधाचा पट्टा दिसला म्हणजे पाणी लागलंच, असं समजून बोअर मारली तर गेरूत जाते. उसाला वर्षानुवर्षं पाणी पाजून क्षार वर आलेल्या रानात तर दुहेरी नुकसान. वरचा थरच प्रवाहांना धरून ठेवतो, त्यामुळे खालचं दिसण्याची खोलीही घटते.

गोकाकला दुखणं उलटं. काळा पाषाण आणि त्याखालचा क्वार्टझाइट, दोन्ही कमी वाहक. ही पद्धत चांगले वाहक ओळखण्यात तरबेज आहे. दोन वाईट वाहकांतला फरक तिला सांगता येत नाही. जांभ्यात आणखी एक फसवणूक: त्यातल्या लोहखनिजाच्या अतिसूक्ष्म कणांमुळे संकेत रेंगाळत विरतो आणि खोलात वाहक थर असल्याचा भास होतो. चौकट थोडी वर नेऊन पुन्हा उडालं तर हा भास झपाट्याने उतरतो, खरा थर तेवढा उतरत नाही. १५० मीटर खोलीवरची एखाद-दुसऱ्या मीटरची भेग मात्र यात दिसत नाही. कुणी तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नये.

शंभर चौरस किलोमीटरवर २०० मीटर अंतराने रेघा ओढायच्या तर ५०० किलोमीटर उडावं लागतं. नुसत्या रेघांनाच सव्वासहा तास. वळणं आणि इंधनाच्या फेऱ्या वेगळ्या. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. उन्हात हवा विरळ होते, उचलण्याची ताकद घटते आणि इंधन कमी भरावं लागतं. म्हणून दिवाळीनंतरच्या थंडीतल्या सकाळी बऱ्या. वळवाच्या दिवसांत दूरवर कडाडणारी वीजही नोंदीत खरखर आणते.

उभ्या उसाचं वेगळंच. उंची मोजणारा लेझर किरण कधी पाल्यावर आपटतो, कधी जमिनीवर. पाल्यावर आपटला की उंची तीन मीटर कमी भरते आणि वरच्या थराचं गणित बिघडतं. म्हणून जवळजवळच्या नोंदींतल्या सर्वांत लांबच्या धरायच्या.

सगळ्यांत जास्त माहिती वाया जाते ती तारांपायी. वीजवाहिनीच्या दोन्ही बाजूंच्या १०० ते १५० मीटरमधल्या नोंदी बहुधा टाकून द्याव्या लागतात, आणि मोटारींच्या लाइनी तर इथे शेतोशेती. अथणीच्या द्राक्षबागांत लोखंडी अँगल आणि तारांचा मांडव जमिनीत रोवलेला असतो. तारांनी बिघडलेला संकेत लटपटला तर ओळखू येतो, पण अशा जमिनीला टेकलेल्या धातूचा संकेत मुळीच लटपटत नाही, छान गुळगुळीत विरतो. नवख्याला तो उत्तम पाणीसाठा वाटतो. त्यामुळे नोंदी छाटणाऱ्याच्या शेजारच्या पडद्यावर बागांचा उपग्रह-नकाशा उघडा असलेला बरा.

शेवटी पडताळा जुन्या बोअरींवरच. सीमेमुळे इथे कागदपत्रं दोन तऱ्हेची: इकडची कन्नडमध्ये, मिरज-जतकडची मराठीत, खोली कुठे फुटांत, कुठे मीटरमध्ये. सरकारी नोंद नसेल तर शेतकऱ्याकडून केसिंगचं बिल मागून घ्यावं. केसिंग कठीण खडक लागेपर्यंतच उतरवतात, तेव्हा त्याची लांबी म्हणजे मुरमाची जाडी, अगदी फुटांत लिहिलेली. फेल गेलेल्या बोअरींची बिलंही तितकीच घ्यावीत. त्यांच्या जागी नकाशा पाणी दाखवत असेल, तर गेरूसाठी ठरवलेली विद्युतरोधाची मर्यादा बदलून हिशेब पुन्हा चालवावा लागतो.