बक की आयसोलेटेड? वाहनातील मोठ्या डीसी-डीसी कन्व्हर्टरची निवड

इंदूरच्या रस्त्यांवरील ई-रिक्षा आणि पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्रात चाचणीसाठी येणारी विद्युत मोटार, या दोहोंमध्ये मुख्य बॅटरीवरून दिव्यांना व भोंग्याला १२ व्होल्टचा पुरवठा करणारा एक डबा असतो आणि दोन्ही डब्यांना डीसी-डीसी कन्व्हर्टर असेच म्हणतात. त्यामुळे कमी वॅटसाठी साधा बक (ट्रान्सफॉर्मरशिवाय व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर) आणि जास्त वॅटसाठी ट्रान्सफॉर्मर असलेला आयसोलेटेड (इनपुट व आउटपुट विजेने विलग ठेवणारा), असा सोपा हिशेब अनेकजण करतात. हा हिशेब टिकणारा नाही. निवड आधी इनपुटच्या व्होल्टेजवरून आणि बिघाडाच्या परिणामांवरून करावी लागते. वॅटचा विचार त्यानंतर येतो.

बकमध्ये वरचा मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) झपाट्याने चालू-बंद होतो, इंडक्टर (तारेचे वेटोळे) तो प्रवाह सलग करतो, आणि मॉस्फेट चालू राहण्याचे प्रमाण हे आउटपुटचे व्होल्टेज भागिले इनपुटचे व्होल्टेज इतके असते. ४८ व्होल्टच्या बॅटरीवरून १४ व्होल्ट (१२ व्होल्टची बॅटरी चार्ज होत राहावी म्हणून प्रत्यक्षात ठेवले जाणारे व्होल्टेज) काढताना ते सुमारे २९ टक्के येते, जे अगदी सोयीचे आहे. १ किलोवॅटला १४ व्होल्टवर सुमारे ७१ अँपिअर वाहतात, आणि खालच्या बाजूला, वरचा मॉस्फेट बंद असताना प्रवाह वाहून नेण्यासाठी, अर्धा व्होल्ट खाणारा डायोड ठेवला तर एकट्या त्याच्यातच जवळपास २५ वॅटची उष्णता होते. त्याऐवजी २ मिलिओहमचा मॉस्फेट ठेवल्यास त्याच्या रोधातील नुकसान ७ वॅटच्या आसपास राहते, आणि इंदूरच्या मे महिन्यात, जेव्हा सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो, बंद डब्यासाठी हा फरक निर्णायक ठरतो. तोच प्रवाह चार फेजमध्ये, म्हणजे चार समांतर बक मंडलांत, वाटला की प्रत्येक इंडक्टरच्या वाट्याला १८ अँपिअर येतात आणि फेज एकमेकींच्या मागे सरकवल्याने रिपलही (प्रवाहातील चढउतार) बराच कमी होतो. म्हणजेच केवळ १ किलोवॅटसाठी ट्रान्सफॉर्मरची गरज नाही.

४०० व्होल्टच्या बॅटरीवर मात्र हेच प्रमाण साडेतीन टक्क्यांवर येते. १०० किलोहर्ट्झला मॉस्फेट जेमतेम ०.३५ मायक्रोसेकंद चालू राहील, शिवाय त्याला पूर्ण ४०० व्होल्टही सोसावे लागतील आणि आउटपुटचा पूर्ण प्रवाहही. तेथे फेज-शिफ्ट फुल-ब्रिज किंवा एलएलसी अशा आयसोलेटेड रचनेत ट्रान्सफॉर्मरचे वेढेच व्होल्टेज उतरवतात. त्याहून महत्त्वाचे कारण सुरक्षिततेचे आहे. ६० व्होल्ट डीसीच्या वरचे मंडल हे वाहनाच्या नियमांत धोकादायक वर्गात मोडते, ते चॅसिसपासून (वाहनाच्या धातूच्या सांगाड्यापासून) विलग ठेवावे लागते आणि डीसी मंडलासाठी प्रति व्होल्ट किमान १०० ओहम इतका विलगन रोध राखावा लागतो. बकमध्ये इनपुट व आउटपुटची ऋण तार सामाईक असल्यामुळे, आणि १२ व्होल्टची ऋण तार चॅसिसला जोडलेली असल्यामुळे, हे शक्यच नाही.

४८ व्होल्टची बॅटरी या मर्यादेच्या आत बसते, तरी तिची ऋण तार चॅसिसला जोडलेली आहे की नाही हे आधी मोजून पाहावे. ती मुद्दाम विलग ठेवलेली असेल तर बक बसवताच ती १२ व्होल्टच्या अर्थिंगमार्गे चॅसिसला जोडली जाते, आणि मूळ रचनाकाराने केलेली योजना नकळत मोडते.

बिघाडाच्या बाबतीत मला बकची खरी काळजी वाटते. वरचा मॉस्फेट शॉर्ट झाला की ४८ व्होल्ट थेट १२ व्होल्टच्या तारेवर येतात. आयएसओ १६७५०-२ या वाहनातील विद्युत उपकरणांच्या चाचणी मानकानुसार १२ व्होल्टची उपकरणे २४ व्होल्ट मिनिटभर सोसतात का हे तपासले जाते. ४८ व्होल्ट ही त्यांच्या आवाक्यातली गोष्ट नाही. आयसोलेटेड रचनेत मात्र स्विच शॉर्ट झाला तरी ट्रान्सफॉर्मर डीसी पलीकडे जाऊ देत नाही, बहुधा फ्यूज उडतो आणि दिवे बंद पडतात. शिवाय ४८ व्होल्टची बाजू बंद असताना १२ व्होल्टची बॅटरी बकच्या वरच्या मॉस्फेटमध्ये अंगभूत असलेल्या बॉडी डायोडमधून उलट दिशेने वीज ढकलू शकते. म्हणून बक निवडताना इनपुटला तोडणारा स्वतंत्र मॉस्फेट, आउटपुटवर जादा व्होल्टेज ओळखणारे मंडल आणि उलट प्रवाह अडवणारी व्यवस्था यांचा खर्च सुरुवातीलाच धरावा. तो धरूनही ४८ व्होल्टच्या वाहनात, ऋण तार सामाईक असेल तर, मी मल्टिफेज बकच निवडेन, कारण चांगल्या सिंक्रोनस (खाली डायोडऐवजी मॉस्फेट असलेल्या) बकची कार्यक्षमता तेवढ्याच वॅटच्या आयसोलेटेड रचनेपेक्षा सहसा सरस असते आणि वाचलेली उष्णता म्हणजे लहान हीटसिंक.