दत्तक गावे: किल्लारीनंतरच्या मदतीची पार्श्वभूमी

कुठेही मोठा भूकंप झाला की दोन-चार दिवसांत वृत्तपत्रांचे मदतनिधी सुरू होतात, कंपन्या गावे दत्तक घेण्याची घोषणा करतात, गल्लीबोळांतून कपडे गोळा होऊ लागतात. महाराष्ट्राने हे सगळे सर्वांत मोठ्या प्रमाणावर पाहिले ते 1993 मध्ये.

30 सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायच्या आत, लातूर-उस्मानाबाद सीमेवरचा किल्लारी परिसर हादरला. गणेश विसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती. मुख्यमंत्री शरद पवार मुंबईत जागेच होते आणि धक्का जाणवताच त्यांनी आधी कोयनेकडे चौकशी केली, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. ते स्वाभाविकच होते. 1967 च्या कोयना भूकंपाची आठवण ताजी होती, तर लातूर भूकंप-नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होते. भूकंप 6.2 तीव्रतेचा, म्हणजे जगाच्या मानाने मध्यम होता. तरीही 8 ते 10 हजार माणसे गेली, कारण जाडजूड दगडमातीच्या भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले.

मदतीचा ओघ अफाट होता. लष्कर आले, देशभरातून डॉक्टर आणि स्वयंसेवक आले. त्यांच्या मागोमाग बघ्यांचीही गर्दी आली. पावसाने चिखल झालेल्या रस्त्यांवर त्यांच्या गाड्यांनी मदतीच्या गाड्यांची वाट अडवली. जुन्या कपड्यांचे ढीग पडून राहिले. अंगावरचे लुगडे सोडून काही न उरलेल्या बाईला कुणाचा तरी विटका, फाटका कपडा पुढे करणे मला आजही लाजिरवाणे वाटते. याच काळात शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे 1200 मुले पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. ते काम कॅमेरे परतल्यावरही वर्षानुवर्षे चालू राहिले.

खरा इतिहास मात्र घरांचा आहे. जागतिक बँकेच्या कर्जातून 1994 मध्ये पुनर्वसनाचा मोठा प्रकल्प उभा राहिला. 52 गावे नव्या जागी हलवायची ठरली. घर 250, 400 की 750 चौरस फुटांचे, हे जमीनधारणेवरून ठरले. अनेक गावे उद्योगसमूह, संस्था आणि वृत्तपत्रांनी बांधून दिली. केरळच्या 'मलयाळा मनोरमा'ने वाचकांच्या देणग्यांतून बाणेगाव उभे केले. त्या वाचकांनी मराठवाडा पाहिलाही नसेल, तरी पैसे पाठवले, ही गोष्ट मोठी आहे.

पण देणाऱ्याला काम लवकर पुरे करून दाखवायचे असते. त्यामुळे कितीतरी ठिकाणी शहरातल्या वसाहतींसारख्या सरळ रांगा आखल्या गेल्या. गुरांना गोठा नाही, कडबा ठेवायला जागा नाही, परसू नाही. भावकी विखुरली, गाव पूर्वीपेक्षा कितीतरी पसरले आणि शेत लांब पडले. पुढे लोकांनी पत्रे आणि दगड लावून त्या घरांना आपल्याला हवा तसा आकार दिला. वर्धा येथील एका संस्थेने गुबाळला बांधलेली घुमटाकार घरे तर दुरून माणसे पाहायला येत. त्यात संसार मांडायचा होता गुबाळकरांना.

ज्या हजारो गावांत घरे पडली नव्हती, फक्त तडकली होती, तिथे कॅमेरे फारसे गेले नाहीत आणि दत्तक घेणारेही. 13 जिल्ह्यांतल्या त्या गावांत सरकारने घरमालकांनाच टप्प्याटप्प्याने पैसे आणि तांत्रिक सल्ला दिला. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या मदतीने बचतगटांतल्या बाया गावोगाव संवाद सहायक झाल्या. भिंतीत आरपार दगड का घालायचे, छतावरची माती का कमी करायची, हे त्यांनीच शेजारणींना समजावले. माझ्या मते किल्लारीनंतरचे सर्वांत मोलाचे काम हेच, आणि त्याचीच बातमी सर्वांत कमी झाली.

2001 मध्ये भूज हादरले तेव्हा हा अनुभव हाताशी होता. गुजरातमध्येही सुरुवातीला गावे हलवून दत्तक देण्याचा विचार पुढे आला, पण बहुतेक गावकऱ्यांनी जागा सोडायला नकार दिला. मग घरमालकाला हप्त्याने पैसे देऊन त्याच्याच जागेवर बांधकाम करण्याची पद्धत तिथे मुख्य ठरली. लातूर परिसराचा भूकंप-नकाशावरचा दर्जाही 2002 मध्ये बदलला. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले, आणि 2019 मध्ये त्या कामांच्या यादीत आपत्ती व्यवस्थापन, मदत, पुनर्वसन आणि पुनर्बांधणी यांचा स्पष्ट समावेश झाला.