मुंबई बंदर : धक्का, गोदी आणि जुना घोळ

मसजिद बंदर स्टेशनबाहेर उभे राहिले तर समुद्राचा मागमूस लागत नाही. तरी नाव खोटे नाही. पूर्व किनाऱ्यावर होड्यांतून माल उतरवण्याच्या प्रत्येक जागेला ‘बंदर’च म्हणत, पुढे भराव पडला, पाणी हटले, नाव तिथेच राहिले. अपोलो बंदर हे ‘पालवा’चे साहेबी रूप. पालवा पाला माशावरून की शिडाच्या पाल होड्यांवरून, हा वाद मिटलेला नाही.

धक्का म्हणजे बोट लावायची बांधीव कड. गोदीचे दोन प्रकार, आणि खरा घोळ तिथेच. सुक्या गोदीत जहाज आत घेऊन दार लावतात, पाणी काढतात आणि तळ दुरुस्त करतात. मुंबईतली अशी पहिली गोदी 1750 ची. ओल्या गोदीत उलटे : पाणी आत अडवून ठेवायचे. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक 5 मीटरच्या आसपास जातो. उघड्या धक्क्याला लावलेले जड जहाज ओहोटीला चिखलात बसते, तळावर ताण येतो. म्हणून भरतीला दार उघडून जहाज घ्यायचे आणि पाणी उतरण्याआधी दार लावायचे. एकच दार असेल तर वेळ चुकलेल्या जहाजाला पुढच्या भरतीपर्यंत बाहेर थांबावे लागे. 1914 च्या अलेक्झांड्रा (आताच्या इंदिरा) गोदीला दोन दारांमधला हौद मिळाला. एक दार उघडले तरी दुसरे बंद ठेवून आतले पाणी अडवता येई, म्हणून ही अडचण बरीच कमी झाली.

या सगळ्यामागचा वादग्रस्त निर्णय 1870 चा. पूर्व किनाऱ्यावर भराव घालून धक्के बांधणारी खाजगी कंपनी सरकारने विकत घेतली. सुएझ कालवा आदल्याच वर्षी खुला झाला होता आणि धक्क्याचा दर एकाच कंपनीच्या हाती राहील, ही भीती खरी होती. पण मक्तेदारी मोडली नाही, मालक बदलला, असे म्हणणेच रास्त. 1873 मध्ये विश्वस्त मंडळ नेमले गेले, आणि किनाऱ्यावरची शेकडो हेक्टर जमीन भाडेपट्ट्याने देणारा शहरातला एक बडा जमीनदार तयार झाला. दारूखान्यापासून कुलाब्यापर्यंतच्या भाडेपट्ट्यांचे आजचे तंटे तिथूनच येतात.

ससून गोदी 1875 ची. आता ती मासळीची. 1880 च्या प्रिन्सेस गोदीसाठी खणताना भरतीच्या पातळीच्या बऱ्याच खाली खैराची झाडे मुळांसकट उभी सापडली. म्हणजे इथली जमीन केव्हातरी खचली होती. शेजारची व्हिक्टोरिया गोदी 1888 ची.

14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत कापूस आणि स्फोटके एकाच जहाजात होती. कापूस आतल्या आत धुमसतो, वरून पाणी मारले तरी गाभ्यापर्यंत पोचत नाही. आग स्फोटकांपर्यंत गेली आणि व्हिक्टोरिया व प्रिन्सेस या दोन्ही गोद्या उद्ध्वस्त झाल्या.

त्या पुन्हा बांधल्या, पण कंटेनरला लागते ती खोली आणि मोकळी जागा शहरात नव्हती. 1989 ला समोर न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, कंटेनर तिकडे वळले. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोद्या नंतर भरून टाकल्या.