नारळ खवताना मोजलेली पावलं

आमच्या पणजीच्या ऑफिसात फेब्रुवारीत स्टेप चॅलेंज झालं, महिनाभर रोज दहा हजार पावलं आणि पहिल्या नंबराला स्मार्टवॉच. निकाल काय लागणार ते पहिल्याच दिवशी सगळ्यांना ठाऊक होतं. आयटीतला एक पोरगा गेली चार वर्षं रोज पहाटे मिरामारला पळतो, तोच जिंकला. दुसरी आली ती रोज आल्तिनोचा चढ चढून कामाला येणारी. आणि आमच्या अकाउंट्समधल्या बाई, ज्यांना शुगर आहे, ज्यांच्यासारख्यांसाठीच खरं तर हे सगळं काढलं होतं, त्यांनी नवव्या दिवशी ॲप डिलीट केलं. ‘‘रोज सकाळी उठून आपलं नाव तळाला बघायचं, कोणी सांगितलाय तो मनस्ताप,’’ म्हणाल्या.

मला वाटलं आमच्याच एचआरचं गणित चुकलं, पण वाचायला लागलो तर हे दुखणं बरंच जुनं निघालं. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने २०१६ मध्ये आपल्याच जवळपास ५,००० कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग सुरू केला. चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले, काहींना वेलनेस प्रोग्रॅममध्ये यायचं आमंत्रण आणि बक्षिसाचे पैसे, बाकीच्यांना काहीच नाही. कंपन्या नेहमी हिशोब करतात तसा, म्हणजे भाग घेणारे एकीकडे आणि न घेणारे दुसरीकडे, असा केला की प्रोग्रॅम एकदम भारी दिसायचा. पण चिठ्ठीने पडलेले गट शेजारी ठेवले तर दवाखान्याचा खर्च घ्या, रजा घ्या, जिमच्या फेऱ्या घ्या, म्हणण्यासारखा फरकच नाही. का, तर जे हौसेने पुढे आले होते त्यांचा दवाखान्याचा खर्च मुळातच कमी होता. म्हणजे आमचा मिरामारवाला, दुसरं कोण!

हा गुंता फार आधी लंडनच्या बसमध्ये सापडला होता. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने १९५३ मध्ये तिथल्या दुमजली बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांचा अभ्यास छापला. एकच बस, एकच डेपो, पगारातही फार तफावत नाही, पण ड्रायव्हर दिवसभर सीटवर आणि कंडक्टर तिकिटं फाडत वरखाली, दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या. हृदयविकार ड्रायव्हरांनाच जास्त व्हायचा, आणि झाला तर जास्त जीवघेणा ठरायचा. व्यायामाच्या शास्त्राची सुरुवात इथून झाली असं बरेच जण मानतात. पण मला आवडतो तो पुढचा भाग. मॉरिसने स्वतःच्याच निष्कर्षावर शंका घेतली आणि १९५६ मध्ये कंपनीने शिवून दिलेल्या गणवेशांची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या पँटी कंबरेत मोठ्या! मग प्रश्न आला की बसून बसून माणूस सुटला, की आधीच सुटलेला माणूस ड्रायव्हर झाला? टेलरच्या मापांवरून सायन्स करणारा माणूस मला तरी दुसरा माहीत नाही.

आमच्या ऑफिसातला कंडक्टर म्हणजे आमचा प्यून. तीन मजले फाइली घेऊन फिरतो, कॉन्ट्रॅक्टवर आहे म्हणून चॅलेंजमध्ये नावच नाही. एक दिवस माझा फोन त्याच्या खिशात टाकला तर संध्याकाळी तेरा हजार. तो म्हणाला, ‘‘घड्याळ मला नको, लिफ्ट दुरुस्त करा.’’

बरं, हे दहा हजार तरी कुठून आले? १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये चालायची हवा होती, ती पकडून यामासा नावाच्या कंपनीने १९६५ मध्ये पावलं मोजायचं यंत्र काढलं, नाव ‘मानपो-केई’, अर्थ दहा हजार पावलांचा मीटर. आकडा गोल, तोंडात बसणारा, बस्स. नंतर २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या साधारण १७,००० बायकांची पावलं मोजून चार-पाच वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा दिवसाला २,७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूंचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं, आणि ७,५०० नंतर फायदा फारसा वाढेना. (इथेही मॉरिसवाली शंका आहेच, धडधाकट बाईच जास्त चालते.) पण आमच्या बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा नीट ऐकत होत्या.

गोव्यात हा विषय चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये छापलेल्या पाहणीत मधुमेहात गोवा देशात पहिला, २६.४ टक्के, देशाचा आकडा ११.४. आणि आम्ही दुपारी शीत-कडी जेवून खुर्चीत पडतो ते साडेतीनच्या मिरची भजीपर्यंत. त्या वेळात दोन मिनिटं उठण्याला किंमत आहे. १९ जणांवर केलेल्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात गोड पेय दिल्यानंतर दर २० मिनिटांनी दोन मिनिटं हळू चालायला लावलं, तर त्या पेयानंतर रक्तातल्या साखरेची वाढ जवळजवळ पाव हिश्शाने कमी झाली. स्नायू हलला की ग्लुकोज ओढून घेणारी, पेशीच्या आत दडलेली प्रथिनं पृष्ठभागावर येतात, इन्सुलिनच्या निरोपासाठी थांबत नाहीत, म्हणून शुगरवाल्यांनाही याचा उपयोग होतो.

पैसे देऊन बघू का, असं एचआरने विचारलं. त्यावरही प्रयोग झालाय, २०१६ मध्ये, २८१ कर्मचारी, रोज ७,००० पावलं. टार्गेट झालं की १.४० डॉलर दिले तर फार फरक पडला नाही, पण महिन्याचे ४२ डॉलर आधीच खात्यावर दाखवून चुकलेल्या दिवसाचे कापत गेले तर टार्गेट गाठलेले दिवस ४५ टक्के, पैसे न मिळणाऱ्यांचे ३०. हातातलं गेलेलं माणसाला जास्त झोंबतं. मात्र पैसे बंद झाले आणि तोही फरक गळून पडला. तेव्हा म्हटलं, राहू दे.

जूनपासून आम्ही नियम बदलला. पहिला आठवडा फक्त मोजायचं, मग प्रत्येकाने आपल्या आकड्यात हजार वाढवायची, नंबर लागणार तो वाढीवर. प्यूनला घेतलंय, लिफ्ट अजून बंदच आहे. मिरामारवाला सध्या शेवटून दुसरा, पावसात पळणार कुठे, आणि बाई १,९०० वरून ३,८०० वर, कॉरिडॉरमध्ये फोनवर बोलत फेऱ्या मारतात, आम्हाला त्यांच्या सुनेच्या सगळ्या भानगडी पाठ झाल्या.

फक्त मध्ये एका रविवारी त्यांचे सहा हजार आले. चौकशी केली तर घरी श्राद्धाचा स्वयंपाक होता, सकाळपासून आदोळीवर बसून नारळ खवत होत्या. मनगटावरच्या घड्याळाला पाय कुठे दिसतात, आतला सेन्सर हाताचा एका लयीतला झटका ओळखतो आणि पाऊल म्हणून लिहितो. त्यामुळे आता घड्याळ काढून नारळ खवायचा असा लेखी नियम केलाय. चतुर्थीला नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, सारण करायची वेळ येईल तेव्हा कोण पाळतंय ते बघू.