कोकण किनाऱ्यावरील ध्वनिमुद्रिका

मुंबईच्या कोळीवाड्यांपासून गोव्यापर्यंतच्या किनारपट्टीतील गायक-गायिकांचे व गानप्रकारांचे ध्वनिमुद्रण. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ ऊर्फ एच.एम.व्ही. या मुद्रेच्या (व्यापारचिन्हाच्या) तबकड्यांचा विचार केला आहे. रागदारी, नाट्यपद, भावगीत आणि कोळीगीत असा या मुद्रेचा पालटत गेलेला कल येथे सलग पाहता येतो.

भारतातील ध्वनिमुद्रणाचा आरंभ सामान्यतः नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग यांनी कोलकात्यात केलेल्या मुद्रणापासून धरतात. लंडनमध्ये १८९९ सालीच काही भारतीय आवाज मुद्रित झाले होते, हे ध्वनिमुद्रिकांचे अभ्यासक मायकेल किनियर यांच्या सूचीवरून दिसते. मात्र भारतभूमीवरील मुद्रण एवढाच निकष लावल्यास पहिले मत ग्राह्य ठरते. पुढील कालनिर्णय अधिक कठीण आहे. तबकडीवर सहसा साल छापलेले नसे. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत कड्यात उमटलेला मॅट्रिक्स क्रमांक मुद्रणाचा, तर लेबलावरील सूची क्रमांक विक्रीचा. जुने मुद्रण नव्या सूची क्रमांकाने पुन्हा बाजारात येई. संग्राहकांच्या याद्यांत एकाच पदाला दोन साले आढळतात, ती बहुधा यामुळे. अशा वेळी मॅट्रिक्स क्रमांकाला प्राधान्य देणे सुरक्षित होय. अगदी सुरुवातीच्या तबकड्यांत गाणे संपताच गायिका आपले नाव उच्चारते. तबकड्यांची छपाई जर्मनीत हॅनोव्हरला होई आणि तेथील कारागिरांना गाणाऱ्याची ओळख पटावी, असा त्याचा खुलासा केला जातो.

मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपे. केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर यांसारख्या गोमंतकीय गायिकांनी तास-तासभर मांडायचा राग या मापात बसवला. विस्तार आटोपता घेऊन बंदिश आणि लगोलग ताना, अशी ही मांडणी असे. ती बैठकीची तुटपुंजी नक्कल नव्हे. स्वतंत्र कसबाचे काम म्हणूनच ती ऐकली पाहिजे. केसरबाईंची एक भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांवरील तबकडीतही समाविष्ट झाली. मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांची नाट्यपदेही तबकड्यांवरून रंगभूमीबाहेर पोहोचली.

१९३० च्या दशकापासून भावगीताला बहर आला. हा पालट श्रोत्यांच्या अभिरुचीचा, असे बहुतेक लेखक मानतात. तथापि भावगीत मुळातच तीन मिनिटांत पुरे होणारे होते, ही बाब अधिक निर्णायक वाटते. साधारण १९६० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या कोळीगीतांनाही हेच लागू पडते. शांता शेळके यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत आणि लता मंगेशकर व हेमंतकुमार यांचे स्वर असलेली ‘मी डोलकर’सारखी गीते घरोघरी पोहोचली. डोलकर म्हणजे डोल जाळ्याने मासेमारी करणारा. हा शब्द किनाऱ्याबाहेर या गीतानेच रूढ केला. पण आगरी-कोळी लग्नात विधी चालेल तितका वेळ धवला (लग्नविधीची गाणी) गाणारी धवलारीण या तबकड्यांत नाही. तिच्या गाण्याला ठरावीक शेवट नसतो. कोळीगीत या संज्ञेखाली दोन्ही एकत्र घालण्याची पद्धत म्हणूनच गैर होय.

गोव्याच्या कोंकणी गीतांत संगीतकार ख्रिस पेरी व गायिका लोर्ना यांच्या मुद्रिका विशेष गाजल्या.

१९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि एच.एम.व्ही.ची मक्तेदारी मोडली. साठ मिनिटांच्या फितीवर सिंधुदुर्गातील डबलबारी (दोन बुवांच्या चढाओढीचे) भजन उलगडू लागले. अभंग, गवळण, गजर आणि समोरच्या बुवाला दिलेला जबाब एका ओघात ऐकता येऊ लागला. रत्नागिरीकडील शक्ती-तुरा या दोन पक्षांच्या लोकगायनातील सवाल-जवाबही फितीवर आले. रात्रभर चालणारे दशावतारी आख्यान मात्र फितीलाही पुरून उरणारे होते. एच.एम.व्ही.ची मालक कंपनी पुढे ‘सारेगामा’ झाली. २०१७ मध्ये तिने आणलेल्या ‘कारवाँ’ या गाणी ऐकवणाऱ्या यंत्राचा भर जुन्या मुद्रणांवरच आहे.